कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचे सिनेमे गटाला दाखवायचे असतील तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुमच्या ग्रंथालयाच्या वाचकगटाला दर पंधरा दिवसांनी एक, असे कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचे सात-आठ सिनेमे दाखवायचे आहेत. गटात अकरावी-बारावीच्या मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळे आहेत. यादी कालक्रमाने लावलेली हवी आणि तीत ‘इतिहासाशी प्रामाणिक’ तेवढेच सिनेमे हवेत. मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि फिल्म सोसायटीचं काम बघते, त्यामुळे यातले बहुतेक सिनेमे वेगवेगळ्या गटांबरोबर पाहून, त्यांवर वाद घालून झालेत. यादी देतेच. पण तुमच्या दोन्ही अटी जशाच्या तशा पाळणार नाही, आणि का ते सांगते.

कालक्रमाचं आधी. गुलामगिरी, मग उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध, मग मार्टिन ल्यूथर किंग, असे सिनेमे ओळीने लावले की बघणाऱ्याच्या मनात चढता आलेख तयार होतो: पूर्वी फार वाईट होतं, हळूहळू बरं झालं. प्रत्यक्षात तसं घडलेलं नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क १८७० मध्येच मिळाला होता. दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय माणसं काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडूनही गेली होती. मग मतदानकर, ‘साक्षरता’ चाचण्या आणि उघड दहशत यांच्या जोरावर तो हक्क काढून घेतला गेला. १९६५ मध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावातल्या पुलावर लोक पोलिसांचे दंडुके खात होते ते पंचाण्णव वर्षांपूर्वी कागदावर मिळालेल्या गोष्टीसाठी. मिळालेलं परत काढून घेतलं जातं, ही गोष्ट या इतिहासाच्या गाभ्याशी आहे, आणि सरळ कालक्रमात नेमकी तीच हरवते. म्हणून मी सिनेमे जोड्यांनी लावते.

आता प्रामाणिकपणाचं. ऐतिहासिक सिनेमा बदल करतोच. तीन-चार खऱ्या माणसांचं मिळून एक पात्र होतं, दोन वर्षांच्या घडामोडी दोन महिन्यांत बसवल्या जातात, संवाद तर बहुतेक लिहिलेलेच असतात. याचा मला फारसा त्रास होत नाही, तुम्हीही करून घेऊ नका. मी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघते: खऱ्या इतिहासात निर्णय ज्याने घेतला, सिनेमातही तो त्याच्याच हातात राहिलाय का? कृष्णवर्णीय माणसांवरच्या सिनेमांत हा निर्णय गुपचूप एखाद्या सहृदय गोऱ्या पात्राकडे सरकवण्याची सवय हॉलिवूडला फार जुनी आहे, आणि अशा वेळी पोशाख, बंदुका, तारखा सगळं बिनचूक असूनही सिनेमा खोटं बोलतो.

१९८९ चा ‘ग्लोरी’ घ्या. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटची ही गोष्ट. शिपाई कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवर त्यांनी केलेला हल्ला हा सिनेमाचा शेवट आहे आणि तो आजही बघवत नाही इतका ताकदीने घेतलाय. डेंझेल वॉशिंग्टनला याच सिनेमासाठी पहिलं ऑस्कर मिळालं. सिनेमा चांगला आहे, दाखवाच. पण त्यातला पगाराचा प्रसंग थांबवून दाखवा. गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर मिळत होते. या शिपायांना १० ठरले आणि त्यातले ३ कपड्यांचे म्हणून कापले, म्हणजे हातात ७. सिनेमात शिपाई पगाराचे कागद फाडतात आणि त्यांचा तरुण कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ स्वतःचाही कागद फाडून त्यांच्या बाजूने उभा राहतो. टाळ्या पडतात आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

खऱ्या आयुष्यात तो मिटला नाही. शॉ फोर्ट वॅग्नरवर मारला गेला, तरी शिपायांचा नकार चालूच राहिला. मॅसॅच्युसेट्स राज्याने वरची तफावत आम्ही भरून देतो असं सांगितलं, तर तेही त्यांनी नाकारलं, कारण मुद्दा सहा डॉलरचा नव्हता, केंद्र सरकारने बरोबरीचा शिपाई मानण्याचा होता. घरी बायकामुलं हलाखीत होती, तरी दीड वर्ष ही माणसं बिनपगारी लढली. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगार मान्य केला, तोही अट घालून: १९ एप्रिल १८६१ रोजी जो स्वतंत्र होता त्यालाच मागची थकबाकी मिळेल. रेजिमेंटमध्ये पळून आलेले गुलामही होते. त्यांच्यासाठी शपथेचे शब्द असे बेतले की त्या तारखेला आपल्यावर कुणाची फुकट राबण्याची बांधिलकी नव्हती एवढंच म्हणायचं. देवाच्या न्यायाने कुणीच कुणाचा गुलाम नसतो, तेव्हा ही शपथ सगळ्यांना घेता येत होती. एवढा मोठा, शिस्तबद्ध, महिनोन्‌महिने चाललेला लढा सिनेमात एका मिनिटाचा आणि कर्नलच्या मोठेपणाचा होऊन जातो. शिवाय सिनेमातले बहुतेक शिपाई नुकते सुटलेले गुलाम आहेत; खरी रेजिमेंट मुख्यतः उत्तरेतल्या स्वतंत्र, बऱ्याचशा लिहितावाचता येणाऱ्या माणसांची होती. गुलामगिरीविरोधी नेता फ्रेडरिक डग्लसची दोन मुलं तीत होती. ती सिनेमात नाहीत.

‘हिडन फिगर्स’ (२०१६) तुमच्या गटातल्या मुलींना फार आवडेल, आणि आवडावाच. कॅथरिन जॉन्सन, डोरोथी व्हॉन, मेरी जॅक्सन या नासातल्या तिन्ही गणितज्ञ खऱ्या आहेत. अंतराळवीर जॉन ग्लेनने पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्याआधी यंत्राने काढलेले आकडे जॉन्सनकडून तपासून घ्या म्हटलं, हेही खरं. त्यात गोरा साहेब हातोडा घेऊन स्वच्छतागृहावरची ‘फक्त कृष्णवर्णीयांसाठी’ ही पाटी तोडतो, तो प्रसंग मात्र रचलेला आहे. जॉन्सन स्वतः सांगत की त्या सरळ गोऱ्यांच्याच स्वच्छतागृहात जात. आणि पाटीची एक खरी गोष्ट आहे, ती सिनेमात नाही. त्या जिथे काम करत त्या लँगली केंद्राच्या उपाहारगृहात मागच्या एका टेबलावर कृष्णवर्णीय गणनिकांसाठी, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या बायकांसाठी, म्हणून पुठ्ठ्याची पाटी ठेवलेली असे. मिरियम मॅन नावाची त्यांच्यातलीच एक बाई ती उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकायची. काही दिवसांनी नवी पाटी यायची, ती पुन्हा उचलायची. शेवटी पाटी येणं बंद झालं. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून गटाला विचारा की हातोड्याचा प्रसंग का निवडला गेला असेल. मला या एका प्रश्नावर तासभर चर्चा झालेली आठवते.

‘मिसिसिपी बर्निंग’ (१९८८) मी यादीत धरत नाही. मतदार नोंदणीचं काम करणाऱ्या तीन तरुणांच्या १९६४ मधल्या खुनांवर तो बेतलाय, पण नायक आहेत एफबीआयचे दोन गोरे अधिकारी, आणि गावातली कृष्णवर्णीय माणसं सिनेमाभर घाबरून गप्प आहेत. ज्या उन्हाळ्यात त्याच माणसांनी जीव धोक्यात घालून घरं, चर्च, शाळा चळवळीला दिल्या, त्याच उन्हाळ्याची ही गोष्ट. हातखंडा दिग्दर्शन असलेला सिनेमा असून मला तो दाखवावासा वाटत नाही.

सुरुवात कुठून करायची? मी सिनेमाच्या बाल्यावस्थेपासूनच करते, कारण सिनेमा हा या इतिहासाचा नुसता साक्षीदार नाही, तो त्यातला एक पक्षकार आहे. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. त्यात तोंडाला काळं फासलेले गोरे नट कृष्णवर्णीयांना लंपट आणि हिंसक दाखवतात आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचे घोडेस्वार गोऱ्या स्त्रियांचे तारणहार म्हणून दौडत येतात. तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. त्याच वर्षी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर, विस्कळीत होऊन संपलेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. हा सिनेमा पूर्ण दाखवू नका; तीन तास लांब आहे आणि मुलांवर त्याचा मारा करण्यात अर्थ नाही. शेवटची घोडदौड दहा मिनिटं दाखवली की पुरे.

त्याच्याशी जोडी लावा ऑस्कर मिशोच्या ‘विदिन अवर गेट्स’ची (१९२०). मिशो हा कृष्णवर्णीय दिग्दर्शक, आधी साउथ डकोटात शेती केलेला माणूस. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा सिनेमा. कित्येक दशकं तो हरवलेला होता. एकमेव प्रत स्पेनमध्ये सापडली, तीही स्पॅनिश पाट्यांसह. ग्रिफिथने गाजवलेलं तंत्र म्हणजे दोन प्रसंग आलटून पालटून दाखवत ताण चढवायचा. मिशो तेच हत्यार उलट फिरवतो. एकीकडे जमाव एका निरपराध कूळ कुटुंबाला झाडाला लटकवतोय, आणि त्याच वेळी दुसरीकडे एक गोरा माणूस त्या कुटुंबातल्या मुलीवर झडप घालतोय. झटापटीत तिच्या छातीवरचा व्रण दिसतो आणि त्याला कळतं की ही आपलीच मुलगी आहे. कोण कुणावर अत्याचार करत होतं, याचं उत्तर संवादाशिवाय, केवळ संकलनाने दिलंय. शिकागोत १९१९ च्या वांशिक दंगली ताज्या होत्या, त्यामुळे पुन्हा भडका उडेल म्हणून हा सिनेमा दाखवू द्यावा की नाही यावर तिथे बराच वाद झाला होता. हे गटाला आधी सांगा, म्हणजे मूकपटाची सवय नसलेले लोकही लक्ष देऊन बघतात.

पुढे ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ (२०१३). सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र माणूस, व्हायोलिन वाजवणारा. १८४१ मध्ये त्याला वॉशिंग्टनला नेऊन पळवलं आणि लुईझियानात विकलं. १८५३ मध्ये सुटून त्याने आपली हकिगत छापली. स्टीव्ह मॅक्वीनचा सिनेमा त्या पुस्तकाला बराच धरून आहे. त्यातला एक शॉट तुम्ही स्वतः आधी पाहून ठेवा. नॉर्थपच्या गळ्यात फास आहे, पाय चिखलात जेमतेम टेकताहेत, अंगठ्यांवर तोल सावरत तो उभा आहे. कॅमेरा लांबून बघतो आणि हलत नाही. हळूहळू मागच्या झोपड्यांतून माणसं बाहेर येतात, कामाला लागतात. मुलं खेळतात. एक बाई धावत येऊन पाणी पाजते आणि निघून जाते. पुस्तकात नॉर्थप दिवसभर उन्हात बांधलेला उभा होता असं लिहिलंय. अंगठ्यांवरचा तोल ही सिनेमाची भर. पण ही भर मला पूर्ण मान्य आहे, कारण गुलामगिरी हा एखाद्या क्रूर मालकाचा स्वभाव नव्हता, ती रोजची व्यवस्था होती, हे या एका शॉटमध्ये समजतं. बाकीचे मदतीला का येत नाहीत, असं कुणीतरी विचारेलच. उत्तर घाईने देऊ नका.

इथे वयाचा प्रश्न येतो आणि तो खरोखर तुमच्या गटावर अवलंबून आहे. या सिनेमात चाबकाने मारण्याचा प्रसंग असह्य आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तो सांगून-सवरून दाखवता येतो, पण सोबत मोठी माणसं आणि नंतर बोलायला वेळ हवाच. तो नसेल तर त्याऐवजी ‘टिल’ (२०२२) घ्या. १९५५ मध्ये मिसिसिपीत मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलची आणि त्याच्या आईची, मेमी टिल यांची ही गोष्ट. दिग्दर्शिका चिनोन्ये चुकू यांनी ठरवून खुनाची मारहाण पडद्यावर दाखवलेली नाही. मुलाचा छिन्नविच्छिन्न देह मात्र आपण बघतो, कारण आईनेच तो शिकागोत उघड्या शवपेटीत ठेवून जगाला दाखवण्याचा निर्णय घेतला होता. निर्णय कुणाच्या हातात, हा प्रश्न इथे सिनेमाने किती नीट सांभाळलाय ते बघा. केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने ६७ मिनिटांत आरोपींना निर्दोष सोडलं आणि काही महिन्यांत त्यांनी पैसे घेऊन मासिकात कबुली दिली.

‘सेल्मा’ (२०१४), वर सांगितलेल्या १९६५ च्या मतहक्काच्या लढ्यावरचा सिनेमा, यादीत हवाच. सुरुवातीलाच ॲनी ली कूपर मतदार नोंदणीच्या खिडकीशी उभी राहते. कारकून तिला घटनेचा सरनामा म्हणायला सांगतो, ती म्हणते. राज्यात किती काउंटी न्यायाधीश आहेत? सदुसष्ट. नावं सांग. आणि अर्जावर नकाराचा शिक्का. दोन मिनिटांत कळतं की कायद्यात हक्क असणं आणि तो वापरता येणं यांत किती अंतर ठेवलं होतं. या सिनेमावर टीका झाली ती राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना अडथळा म्हणून रंगवल्याची, आणि त्या टीकेत तथ्य आहे: जानेवारी १९६५ मध्ये जॉन्सन आणि किंग यांच्यात झालेल्या फोनचं रेकॉर्डिंग आहे, त्यात जॉन्सन मताच्या प्रश्नावर किंगना प्रोत्साहन देताना ऐकू येतात. पण सेल्मातला लढा अमेलिया बॉइंटनसारख्या स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं आधी चालवला होता, आणि सिनेमाचं केंद्र चळवळीकडे राहिलंय. त्या बदल्यात जॉन्सन यांच्यावर थोडा अन्याय झाला, हे मी गटाला स्पष्ट सांगते आणि सिनेमा तरीही दाखवते. आणखी एक: किंग यांची भाषणं मूळ शब्दांत वापरायचे हक्क दुसऱ्या स्टुडिओकडे होते, त्यामुळे दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांनी सगळी भाषणं नव्याने लिहिली. मूळ भाषणांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात, एखादं ऐकवा.

‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ (१९९१) यादीतला सगळ्यात कठीण आणि मला सगळ्यात जवळचा. ज्युली डॅश यांचा हा सिनेमा १९०२ मध्ये घडतो, जॉर्जिया-साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर. एक कुटुंब बेट सोडून उत्तरेकडे निघालंय, आणि पणजी नाना पीझंट मागेच राहणार आहे. कथानक म्हणून सांगण्यासारखं एवढंच. जेवण रांधलं जातं, केस विंचरले जातात, भांडणं होतात, आणि अजून न जन्मलेली मुलगी निवेदन करते. नानाच्या हातांना निळीचा रंग कायमचा लागलेला दिसतो. निळीच्या मळ्यांत राबलेल्यांच्या हातांवर रंग असा जन्मभर टिकत नाही, हे डॅश यांना सल्लागाराने सांगितलं होतं. तरी त्यांनी तो ठेवला, कारण गुलामगिरीची खूण म्हणून दर वेळी चाबकाचे वळ आणि साखळदंड दाखवायला त्यांचा नकार होता. वस्तुस्थितीला सोडून असूनही इतिहासाशी इमान राखणारा तपशील कसा असतो, ते इथे बघायला मिळतं. हा सिनेमा पहिल्या तिनांत ठेवू नका. गट मुरला की ठेवा.

हा इतिहास अमेरिकेपुरता नाही, म्हणून दोन बाहेरचे. ‘मँग्रोव्ह’ (२०२०) लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या कॅरिबियन उपाहारगृहाचा आहे. पोलीस तिथे पुन्हापुन्हा धाडी घालत, लोकांनी मोर्चा काढला, आणि नऊ जणांवर दंगलीचा खटला भरला गेला. १९७१ मध्ये पंचावन्न दिवस तो चालला आणि दंगलीच्या आरोपातून सगळे सुटले. एका धाडीनंतर माणसं फ्रेममधून गेलेली असतात आणि जमिनीवर पडलेली चाळण कितीतरी वेळ डुलत राहते. कॅमेरा तिच्यावरच थांबतो. यातल्या ब्रिटिश ब्लॅक पँथर चळवळीत पुण्यात जन्मलेले लेखक फारुख धोंडी होते आणि लेखिका माला सेनही होत्या, हे तुमच्या गटाला नक्की आवडेल. दुसरा उस्मान सेम्बेन यांचा ‘कॅम्प द थियारोय’ (१९८८). फ्रान्ससाठी लढून, जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी शिपायांनी थकलेला पगार मागितला, आणि १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने सेनेगलमधल्या छावणीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रत मिळवायला खटपट करावी लागते. मिळाली तर ‘ग्लोरी’च्या लगेच नंतर ठेवा. गणवेश, शौर्य आणि थकलेला पगार, हे दोन्हीकडे आहे.

चर्चेत जातीचा विषय निघणारच. माझा अनुभव असा की पहिल्याच दिवशी तो आणला तर सिनेमा बाजूला पडतो आणि लोक आपापली ठरलेली मतं मांडतात. आधी तिथली माणसं तिथल्या परिस्थितीत नीट बघून होऊ द्या. तीन-चार बैठकींनंतर खरे दुवे पुढे ठेवा, कारण ते आपल्याकडे भरपूर आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. ‘ग्लोरी’नंतर ती अर्पणपत्रिका वाचा आणि सोबत सांगा की उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय शिपाई होते, स्वातंत्र्य मिळवण्यात त्यांचा स्वतःचाही वाटा होता. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. त्या बैठकीला ‘ज्युडास अँड द ब्लॅक मसीहा’ (२०२१) ठेवा. ब्लॅक पँथरचा शिकागोतला नेता फ्रेड हॅम्प्टन याला ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून मारलं, घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता. सिनेमातले नट तिशीतले वाटतात. हॅम्प्टन एकवीस वर्षांचा होता, हे मुलांना आधी सांगा.

तर क्रम मी असा ठेवीन: ‘द बर्थ ऑफ अ नेशन’चा तुकडा आणि ‘विदिन अवर गेट्स’, मग ‘हिडन फिगर्स’, सगळ्यांना बोलतं करायला, ‘ग्लोरी’, जमल्यास ‘थियारोय’, ‘ट्वेल्व्ह इयर्स’ किंवा ‘टिल’, ‘सेल्मा’, ‘मँग्रोव्ह’, ‘ज्युडास’, आणि शेवटी ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’. इंग्रजी चांगलं येणाऱ्यांनाही दक्षिणेकडचे उच्चार झेपत नाहीत, तेव्हा सबटायटल्स चालू ठेवाच. चर्चेला निदान पाऊण तास हवा. तेवढा मिळणार नसेल तर सिनेमे चारच घ्या. आणि घरच्या ओटीटी खात्यावरून सार्वजनिक ठिकाणी सिनेमा दाखवायला परवानगी नसते, वितरकाला विचारावं लागतं, त्याला वेळ लागतो. मिशोचा सिनेमा स्वामित्वहक्कातून मोकळा आहे, इंटरनेटवर मिळतो आणि दीड तासाच्या आत संपतो. त्यामुळे बाकीच्या परवानग्या येईपर्यंत तुम्ही पहिली बैठक लगेच लावू शकता.